भट्टी गार होईपर्यंत

मी, प्रसेनजीत बाळासो कुरणे, वय एकसष्ट, धंदा मातीकाम, राहणार कळंबा, कोल्हापूर, हे मृत्युपत्र कुणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवत आहे. डोके ठिकाणावर आहे. उद्या सकाळी माझ्या हृदयावर शस्त्रक्रिया आहे आणि मला मरणाची फार भीती वाटते. वकिलांनी हे वाक्य गाळायला सांगितले होते. मी गाळणार नाही.

१. कळंब्याचे राहते घर, बँकेतील शिल्लक, चाक आणि भट्टी माझी एकुलती मुलगी प्रीती हिला मिळावी. पत्नी हयात नाही.

२. उमेदीची वर्षे मी जपानात, बिझेनला मोरी गुरुजींकडे काढली. तिथल्या भांड्यांना झिलई नसते. भातशेताखालची चिकण माती आणि लाकडाचा कित्येक दिवसांचा जाळ, एवढ्यावर रंग येतो. भांड्याला भाताचे पिंजर, म्हणजे वाळका पेंढा, गुंडाळून भाजले की तांबडे पट्टे उठतात. तिथले कुंभार माती वर्षानुवर्षे मुरत ठेवतात. कधीकधी ती नातवाच्याच हाती लागते. मीही गारगोटीच्या भातखाचरातली माती परसात झाकून ठेवली आहे. ती विकू नये. प्रीतीला नको असेल तर शिकू पाहणाऱ्या कुणालाही द्यावी, पण सुकू देऊ नये.

३. धाकटा भाऊ संघर्ष याला माझी मोटारसायकल. भट्टीला मात्र त्याने हात लावायचा नाही. मागच्या खेपेस मी बाजारात गेलो असता याने गरम भट्टीचे विटांनी लिंपलेले दार फोडले. म्हणे, "पावणं लांबनं आल्यात, एक भांडं दावतो की!" गार वारा आत शिरला आणि भांडी टिकटिक करत तडकली. नंतर तो रडला, जेवला नाही. मी अजून त्याला माफ केलेले नाही. गाडीचा हॉर्न बिघडलेला आहे, तोही त्याचाच.

४. आत्ता भट्टी भरलेली आणि लिंपून बंद आहे. जाळ थांबवला आणि माझ्या छातीत कळ आली. माझ्या अस्थींसाठी घडवलेले झाकणाचे मडके आतच आहे. मी गेलो तर त्या मडक्यासाठी लोक घाई करतील, ही माझी दुसरी भीती. भट्टी गार होईपर्यंत अस्थी स्टीलच्या डब्यात ठेवाव्यात, मला चालेल. दाराच्या विटेवर उघडा तळहात निवांत टेकता आला, तरच पहिली वीट काढावी.

५. गुरुजींचा दंडक होता की बिघडलेले भांडे हातोड्याने फोडायचे, घरात ठेवायचे नाही. मीही आजवर तेच केले. हे लिहीत असताना खाटेशी बसलेल्या प्रीतीने विचारले, "आबा, समदंच तडकलेलं निघालं तर?"

"फोडून टाक."

"मी न्हाय फोडणार. तुमच्या हातचं दुसरं काय ऱ्हाणार हाय माझ्याकडं?"

मी पुन्हा पेन उचलले.

तेव्हा असे ठरवतो की या भट्टीतले काहीही फोडू नये. तडकलेले, वाकलेले, एकमेकांना चिकटलेले, जे निघेल ते प्रीतीने ठेवावे. आणि मी जगलोच, आणि भट्टी उघडल्यावर रागाने हातोडा उचलला, तर हा कागद मला दाखवावा.

प्रसेनजीत बाळासो कुरणे (सही)

आमच्यासमोर सही केली, आम्ही त्यांच्यासमोर केली :
१. विजयसिंह हंबीरराव इंगवले, शेजारी, कळंबा (सही)
२. अदिती दत्तप्रसाद कुलकर्णी, शिक्षिका, शिवाजी पेठ (सही)

कोल्हापूर, ७ फेब्रुवारी २०२५