रेवतीला जबाबदार करायचा पंधरवडा

१ जून २०००, गुरुवार
आजपासून रजा. पंधरा दिवस. ऑफिसात सांगितलंय की घरी एक महत्त्वाचं काम निघालंय. शेजारच्या टेबलावरच्या राजीवने विचारलं, घराचं पेंटिंग काढलंय का? म्हटलं, नाही यार, स्टाफ ट्रेनिंग.

स्टाफ म्हणजे रेवती. वय चार. प्ले-स्कूल जुलैपर्यंत बंद.

प्रकरण असं आहे. वृंदाच्या बँकेत सगळं कॉम्प्युटरवर जातंय. तिला सहा आठवडे ट्रेनिंगला दिल्लीहून पुण्याला पाठवताहेत. जे शिकतील ते पुढे जातील, बाकीचे काउंटरवर शिक्के मारत बसतील. याआधी दोनदा घरामुळे नाही म्हणाली. साहेबांनी सांगितलंय, तिसऱ्यांदा नाही म्हटलं तर पुन्हा विचारणार नाही. सोळा तारखेला उत्तर द्यायचंय. काल जेवताना मी म्हटलं, बिनधास्त जा, अडचण काय? तर म्हणाली, या घरात अजून एक माणूस जबाबदार झालं की त्याच दिवशी निघते.

मुद्दा रास्त आहे. रेवतीला अजून बुटाची लेस बांधता येत नाही.

२ जून, सकाळ
मागच्या महिन्यात आमच्या मंत्रालयात एक दिवसाचं वर्कशॉप झालं होतं, इनिशिएटिव्ह आणि रिस्पॉन्सिबिलिटी. शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलेलं सूत्र: काम सोपवा, मग हात मागे बांधून उभे राहा. तत्त्व बिल्कुल पटलं. आजपासून लागू.

दूध कपात ओतणे रेवतीकडे सोपवलं. हात मागे बांधले. तिने पातेलं धरलं. मग कप सरळ केला. मग कपावरचं हत्तीचं चित्र बघितलं. मग पुन्हा पातेलं धरलं. माझे पाय आपोआप चालायला लागले. तीन फेऱ्या मारल्या. शेवटी मीच ओतलं. थोडं सांडलं, पण ते ती मधे बोलल्यामुळे. म्हणत होती, बाबा, रुको ना.

आजचा अपवाद धरावा.

२ जून, संध्याकाळ
लेस. दोन मिनिटं शिकवली, मग पार्कला उशीर होत होता म्हणून बांधून दिली. मी स्वतः बिनलेसचे बूट वापरतो. वेळ वाचतो. कॉलेजपासूनची सवय.

४ जून, रविवार
वृंदा घरी, त्यामुळे ट्रेनिंगमध्ये व्यत्यय. दोघी मायलेकी सकाळभर स्वयंपाकघरात भेंडी पुसत बसल्या होत्या. रेवतीच्या हातात फडकं. एकेक भेंडी पुसून ओळीत लावत होती. अर्धा किलोला अख्खी सकाळ! मी सुचवलं की हे काम मी पटकन उरकतो. वृंदाने भेंडीचं ताट माझ्यापासून लांब सरकवलं.

लाडाने मुलं बिघडतात हे लोकांना कळत नाही.

५ जून
नवीन बाब. पलीकडच्या सोसायटीत केबलवाला म्हणून कोणीतरी घुसला आणि टीव्ही उचलून नेला. आमच्या इमारतीत अर्धे फ्लॅट अजून रिकामे, गेटवरचा चौकीदार दुपारी झोपलेला. दिल्लीचं हे नवं उपनगर द्वारका म्हणजे सध्या धूळ, पाट्या आणि कुलपं. दाराला आपोआप लागणारं नाईट लॅच बसवलंच आहे, पण आतून उघडणाऱ्याचं काय? रेवती स्टुलावर चढून लॅच उघडू शकते, हे आजच कळलं. कोणी शिकवलं देव जाणे.

म्हणून पासवर्ड सिस्टिम. बाहेरच्याने शब्द सांगितल्याशिवाय दार उघडायचं नाही. इनिशिएटिव्ह वाढावा म्हणून शब्द तिलाच सुचवायला सांगितला. म्हणाली, भेंडी. मी समजावलं की सुरक्षेच्या बाबतीत थोडं गांभीर्य हवं. मी सिंहगड दिला. तिला भेंडीच आवडत होती, पण निर्णय झाला.

६ जून
पासवर्ड एकच ठेवणं धोक्याचं. रोज बदलणार. रोज एक किल्ला. दिल्लीत वाढणाऱ्या मुलीला महाराष्ट्राची ओळखही होईल. एका दगडात दोन पक्षी, आणि बाप बुद्धिमान. आज राजगड.

खबरदारीचा नियम: दाराबाहेर उभं राहून कोणी नवा शब्द सांगू लागला, तर तो चोरच. मग आवाज ओळखीचा का असेना. चोर आवाज काढतात. रेवतीने विचारलं, तुझा पण? म्हटलं, विशेषतः माझा.

८ जून
पुरंदर. रेवतीला चारही किल्ले पाठ. मला कालचा आठवायला थोडा वेळ लागला, पण मी बनवणारा, तिचं काम लक्षात ठेवणं. जबाबदारीची वाटणी म्हणतात ती हीच.

कपडे घालणे: फ्रॉक उलटा. मी सरळ करून घातला. तिने काढून पुन्हा उलटा घातला आणि म्हणाली, मी खुद घातला होता. मग रडली. मुलांना फीडबॅक सहन होत नाही. बाहेर लूचा तापलेला वारा, वीज गेलेली, घरात बसवत नाही, बाहेर जाता येत नाही. गॅलरीतल्या कुंड्या डावीकडून उजवीकडे लावल्या. मग परत डावीकडे.

१० जून
वृंदाला प्रगती सांगितली. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, तुझे मोजे कुठे असतात माहितीये का? मोज्यांचा इथे काय संबंध? मुद्दा भरकटवायची बायकांची ही सवय. (मोजे सापडले नाहीत. विचारणार नाही.)

आज फरीदाबादहून कुमुदताईचा फोन. मी लहानपणापासून कसा स्वावलंबी होतो हे ताईने रेवतीला सांगावं म्हणून तिच्या हाती फोन दिला. ताई काय बोलली कोण जाणे, रेवती खो खो हसत होती. नंतर सांगते, आत्या सातवीपर्यंत तुझी लेस बांधायची. ताईला वयामुळे आठवत नाही. सहावीपर्यंत.

१२ जून
चार दिवस उरले. अजून लेस नाही, दूध नाही. मन लागत नाही. वृंदा काल कपाटातून मोठी बॅग काढून बघत होती, मी खोलीत गेल्यावर परत ठेवली. ते परत ठेवणं जास्त लागलं. तिला जायचंय. खूप जायचंय. उद्यापासून दुप्पट वेगाने ट्रेनिंग.

१३ जून, दुपार
आज जे झालं ते शांतपणे नोंदवतो.

सकाळी रेवतीने आजचा पासवर्ड विचारला. मी दाढी करत होतो. म्हटलं, नंतर सांगतो. गॅसवर दूध ठेवलं. इतक्यात खाली पाण्याचा टँकर आला. टँकरवाला पूर्ण टाकी न भरताच पळतो, त्यावर माझ्याशिवाय कोणाचं लक्ष नसतं. बनियनवर धावलो. मागे लूचा झोत आला आणि दार लागलं. किल्ली आत. रेवती आत. दूध गॅसवर.

टँकरवाल्याला चार शब्द सुनावून वर आलो तेव्हा हे लक्षात आलं. घंटा वाजवली. आतून रेवतीने विचारलं, पासवर्ड?

म्हटलं, राजगड. नाही. सिंहगड, पुरंदर, प्रतापगड, तोरणा. सगळ्याला नाही. म्हटलं, मग काय आहे? म्हणाली, आजचा तू दिलाच नाहीस. म्हटलं, आज शिवनेरी. तर म्हणते, दाराबाहेरून नवा सांगणारा चोर असतो.

म्हटलं, अगं मी बाबा! म्हणाली, मला माहितीये तू बाबाच आहेस, पण रूल आहे.

आणि तेव्हा दूध जळल्याचा वास आला.

खरं लिहितो, कारण हे कोणी वाचणार नाही. मी दारावर हात आपटत ओरडायला लागलो. दूध, रेवती, दूध, स्वयंपाकघरात जाऊ नको, नाही, जा, नाही, नको! आतून एकदम आवाज बंद झाला. त्या वेळात मी देवाला काय काय कबूल केलं ते आठवत नाही.

समोरच्या मीनाक्षीबाई बाहेर आल्या. मी त्यांना हिंदीत की मराठीत सांगितलं माहीत नाही. त्यांनी आधी मला खाली बसवलं, मग बँकेत फोन लावला. वृंदा जनकपुरीच्या शाखेतून रिक्षाने आली. जिना चढून दारापाशी उभी राहिली. घंटासुद्धा वाजवली नाही. एवढंच म्हणाली, भेंडी.

आत स्टूल ओढल्याचा आवाज. दार उघडलं.

रेवती ठीक. अगदी ठीक. दूध उतू गेलेलं, पातेलं काळं, पण गॅस बंद. वृंदाने विचारलं, सिलिंडर? रेवती म्हणाली, झोपवला.

१३ जून, संध्याकाळ
चौकशी केली. भेंडी हा दोघींचा आपसातला पासवर्ड पाच तारखेलाच ठरला होता. शिवाय असं कळलं की ओट्याखाली सिलिंडरचा जो खटका असतो, तो जेवणं झाल्यावर रोज रेवती बंद करते. आई शेजारी उभी असते. याला या दोघी सिलिंडर झोपवणे म्हणतात. वर शेगडीकडे जायचं नाही, खाली बसून खटका फिरवायचा आणि बाहेर यायचं. गेलं वर्षभर चालू आहे. माझ्या घरात. मी तेव्हा बातम्या बघत असतो.

वृंदा माझ्यावर ओरडेल असं वाटलं होतं. ती पातेलं घासत बसली. मग पातेलं तसंच ठेवून नळाखाली नुसते हात धरून उभी राहिली. मी जवळ गेलो. मी सॉरी म्हणालो. तिने ऐकलं असावं.

१४ जून
शांत डोक्याने विचार केला. निष्कर्ष: पासवर्ड सिस्टिम यशस्वी. रेवती कुणाच्याही दबावाखाली झुकली नाही, साक्षात बापाच्याही. प्रशिक्षण फळाला आलं म्हणायला हरकत नाही. वृंदाला हे सांगावं का? उद्या.

१५ जून
सांगायची वेळच आली नाही. वृंदा म्हणाली, मी पुण्याला जातेय, बँकेत हो कळवलं. मी तिचं अभिनंदन केलं आणि म्हटलं, बघ, पंधरा दिवसांत पोरीला तयार केलं. ती जरा हसली. म्हणाली, रेवतीची मला कधीच काळजी नव्हती.

मग सांगितलं की तिने कुमुदताईंना सहा आठवडे इथे राहायला बोलावलंय. म्हटलं, चला, रेवतीला सोबत होईल. वृंदा म्हणाली, रेवतीसाठी कशाला?

मी गॅलरीत गेलो. कुंड्या हलवल्या.

१९ जून
ऑफिस. राजीवने विचारलं, स्टाफ ट्रेनिंग कसं झालं? म्हटलं, अजून चालू आहे.

१ जुलै, शनिवार
वृंदाला गाडीत बसवून आलो. सोबत कुमुदताई आणि रेवती. बिनलेसचा एक बूट सकाळी सापडेना, त्यामुळे लग्नातले लेसवाले घातले. ते घाईत वृंदानेच बांधून दिले, टॅक्सी खाली हॉर्न मारत असताना.

प्लॅटफॉर्मवर वृंदाने सगळ्या सूचना रेवतीला दिल्या. सिलिंडर, तुळस, बाबांची गोळी. दाराची एक किल्ली लाल रिबिनीत ओवून तिच्या गळ्यात घातली. मी म्हटलं, मलाही काही सांगून ठेव. वृंदाने माझी कॉलर सरळ केली. गाडी हलली तेव्हा ती दारात उभी होती. इतकी खुशीत मी तिला कितीतरी दिवसांत पाहिली नव्हती. मला फार बरं वाटलं आणि फार वाईट वाटलं, दोन्ही एकदम.

घरी आलो. माझी किल्ली दुसऱ्या पँटमध्ये. रेवतीने गळ्यातली काढली. किल्ली उलटी लावली. मग सुलटी लावली. मग रिबीन अडकली. कुमुदताईने मदतीला हात पुढे केला, तेव्हा मी, हो, मी ताईला म्हणालो, थांब, तिला करू दे. हात मागे बांधले. पाय हलू दिले नाहीत. महिन्याभरात पहिल्यांदा सूत्र पूर्ण पाळलं. हे वृंदाने बघायला हवं होतं.

दार उघडलं. मी आत जाणार तोच ताई म्हणाली, श्याम, लेस सुटलीये, पडशील. आणि ती खाली वाकली. मी पाय पुढे केला.

तसं रेवतीने आत्याचा पदर धरून तिला मागे ओढलं. आत्या, रुको ना, म्हणाली, बाबा खुद करेल.

मग दोघी दारात उभ्या राहिल्या आणि मी जिन्यात खाली बसलो. पहिल्यांदा गाठ सुटली. दुसऱ्यांदाही सुटली. मधे ताईची चुळबुळ चालली होती, पण रेवतीने तिला हात मागे बांधून उभं केलं होतं.