स्पष्ट फोटो पाठवायला झालेला उशीर

तीर्थरूप मामांस,

भाच्याचा नमस्कार. आपला गुडघा आता जिना चढू देतो का, आणि मामींना नव्या चष्म्यातून आपण पूर्वीसारखेच दिसता का, ते कळवावे. स्थळाकडे पाठवण्यासाठी माझा "एक स्पष्ट फोटो" आपण तीन आठवड्यांपूर्वी मागितलात. फोटो स्टुडिओत नोकरी करणाऱ्याकडून एक फोटो येईना, याचे आपल्याला नवल वाटले असेल. म्हणून कारण सविस्तर लिहितो. (शिक्षण अर्धवट असले तरी पत्र दोनदा तपासले आहे.)

आमच्या मालकांनी आठ दिवसांच्या बोलीवर दोन भारी कॅमेरे आणले. एक चोवीस मेगापिक्सेलचा, दुसरा शंभरचा. म्हणजे पहिल्याच्या फोटोत अडीच कोटींच्या आत ठिपके, दुसऱ्याच्या फोटोत दहा कोटी. आपल्याला किती लागतात ते बघून लिहून दे, म्हणाले. मी शेजारच्या शिंप्याचा फोटो दोन्हींवर काढला. पहिल्यात शिंपी आला. दुसऱ्यात त्याच्या कॉलरचे टाके मोजता आले, आणि त्यांतला एक सुटलेला निघाला. (शर्ट त्यानेच शिवलेला. तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नाही.) मग मी टेप घेऊन सात गिऱ्हाइकांच्या घरी गेलो आणि आमचे फोटो केवढे आहेत व लोक ते किती अंतरावरून पाहतात, ते मोजले. सर्वांत मोठा दीड फुटाचा निघाला, सोफ्यापासून नऊ फुटांवर. एक कपाटामागे होता. तो कोणीच पाहत नाही. थोडक्यात, चोवीस पुरून उरतात.

तसे लिहायला घेतले, तेवढ्यात मालक सहज म्हणाले, "लहान घेतला तर बरंच आहे. डाग-मुरूम फारसे दिसणारच नाहीत. रिटचिंगची खुर्ची मोकळी करू, किरकोळ काय असेल ते तूच बघ." त्या खुर्चीवर रिटचिंगच्या मॅडम बसतात. गेली दोन वर्षे त्या लोकांच्या चेहऱ्यांवरचे डाग कॉम्प्युटरवर पुसतात, आणि माझे टेबल त्यांच्या शेजारी आहे. (टेबल मालकांनीच तेथे ठेवले आहे.) मी अहवाल नव्याने लिहिला. तीन पाने झाली. पुढेमागे कोणी भिंतीएवढा फोटो मागितला तर नामुष्की नको, असा शेवट केला. "कोण मागणार आहे?" मालकांनी विचारले. मागेल कोणीतरी, असे मी म्हणालो. उत्तर येत असून मुद्दाम चुकीचे लिहिण्याची ही पहिलीच वेळ, त्यामुळे दोन दिवस जेवण गेले नाही.

मोठा कॅमेरा आला. खुर्ची वाचली. पण आता एकेका चेहऱ्यात इतके काही निघते, की पूर्वी दहा मिनिटांत होणाऱ्या गालाला पाऊण तास लागतो, आणि मॅडम मान वर करीत नाहीत. एका मंगळवारी केली. "हा कॅमेरा तुम्ही घ्यायला लावलात म्हणे? माझ्या डोळ्यांचा नंबर वाढला, तर चष्मा काय तुम्ही आणून देणार?" मी हो म्हणालो. (तो प्रश्न नव्हता, हे मागाहून लक्षात आले.) त्यांनी माऊस बाजूला ठेवला. मग हसल्या.

आपल्यासाठीचा फोटो याच कॅमेऱ्यावर काढून नियमाप्रमाणे रिटचिंगला दिला. तिने तो पूर्ण मोठा केला, तर स्क्रीनभर माझे नाक आले. आम्ही दोघांनी ते दहा मिनिटे पाहिले. "हा व्रण कसला?" सायकलवरून पडलो होतो, असे सांगितले. (शिकवायला आपणच होतात, हे सांगितले नाही.) "आणि फोटो कशाला हवाय?" स्थळाला दाखवायला, असे मी खरे ते सांगून टाकले. तिने काही न पुसताच फाइल बंद केली. "याला वेळ लागेल. मामांना तसं कळवा." किती वेळ, असे विचारले, तर म्हणाली, "तुम्हाला मोजायची हौस आहे ना? मोजा."

आज नववा दिवस. मामींना नमस्कार सांगावा.

आपला,
भाचा

ता. क. चोवीसच पुरेसे होते. मालकांची गाठ पडली तर हा विषय काढू नये. मॅडमचा नंबर वाढलेला नाही, तरी मी एक फ्रेम पाहून ठेवली आहे.

ता. क. दुसरा. आईपुढे माझे तोंड उघडत नाही आणि आपला शब्द ती खाली पडू देत नाही, तेव्हा तिच्याशी आपणच बोलावे. स्थळाला मात्र आजच कळवावे, की मुलाचा फोटो रिटचिंगला गेला असून परत मिळण्याची चिन्हे नाहीत.