चौकातला राष्ट्राध्यक्ष

इंदोरा, नागपूर
१२ जानेवारी

चि. धम्मानंद यास ताईचा सप्रेम जयभीम. वि. वि.

इकडे सर्व ठीक. तू मागच्या पत्रात मजेत आहे म्हणून लिहिलंस. तुरुंगात कोण मजेत असतं रे? खरं काय ते लिहीत जा.

वकीलबाईंनी कळवलं, की विनाकारण अडकलेल्या परदेशी खलाशांना घरी धाडण्याचं तिकडच्या नव्या राष्ट्राध्यक्षांनी निवडणुकीत कबूल केलंय. मग काय! काल बाबा कळमन्याच्या बाजारात संत्र्यांचा टेम्पो रिकामा करून आले, आंघोळ केली आणि शपथविधी पाहायला मोबाईलसमोर बसले. भाषेचा एक शब्द कळेना, तरी त्या माणसानं हात वर करताच यांचे डोळे भरले. म्हणाले, हा माणूस आपल्या पोराले सोडते, मले त्याच्या तोंडावरूनच समजून राहिलं.

एवढ्यावर थांबतील तर ते बाबा कसले! चौकात फ्लेक्स लावलाय. मधोमध राष्ट्राध्यक्ष, वर हार्दिक अभिनंदन, खाली शुभेच्छुक म्हणून बाबा, मी आणि तू, त्यात सगळ्यात मोठा तुझा फोटो, जहाजावरच्या टोपीतला. सकाळपासून लोक विचारताहेत, हे मधले भाऊ कोणत्या वॉर्डातून उभे होते. मला हसू येतं आणि झोपही लागत नाही. त्या माणसानं शब्द पाळला नाही तर बाबांचं काय होईल?

लोभ आहेच, लवकर उत्तर देऊन तो टिकव.

तुझी दीप्तीताई


२३ जानेवारी

ती. ताईस धम्मानंदचा जयभीम. वि. वि.

ताई, तो फ्लेक्स आधी उतरवा.

कोणीतरी त्याचा फोटो नेटवर टाकला आणि तो इथल्या पेपरात छापून आला. इथे पुढाऱ्याचा फोटो रस्त्यावर फक्त पक्षाची माणसं लावतात. तुरुंगाचे मोठे साहेब जुन्या राष्ट्राध्यक्षांच्या मर्जीतले. त्यांनी मला बोलावून विचारलं, की तुझ्या घरच्यांना कोणी हाताशी धरलंय. चोरीचा माल भरणारा कप्तान पळून गेला आणि मी जहाजावर नुसता भात रांधत होतो, हे आजवर कोणी विचारलं नाही. आता माझ्या एकट्याची चौकशी लागली. जहाजावरच्या बाकीच्या पोरांची नावं सुटकेसाठी वर गेली, माझं मागे ठेवलं.

आमच्याकडे पोरगं दहावी पास झालं तरी फ्लेक्स लागतो, हे साहेबांना खोटं वाटतं. मोहल्ल्यातल्या सगळ्या फ्लेक्सचे फोटो पाठव. मला फार भीती वाटतेय, ताई. बाबांना सांगू नकोस.

माया असू दे.

तुझा धम्मानंद


३० जानेवारी

चि. धम्मानंद यास जयभीम.

पत्र आलं तेव्हा बाबा बाजूलाच होते, लपवता आलं नाही. स्टुलावर चढून त्यांनी स्वतः दोऱ्या कापल्या, दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही. तेव्हापासून ताटावर बसतात आणि तसेच उठतात. माह्याच हातानं पोराले अडकवलं, एवढंच बोलतात.

फोटो सोबत आहेत. नानाजींची रिटायरमेंट, नंदिनीच्या पोरीचा शाळेतला नंबर, कोणाची नवी बुलेट. समोरच्या विक्कीच्या कुत्र्याचा वाढदिवस साहेबांना आधी दाखव. त्याचे शुभेच्छुक आपल्यापेक्षा जास्त आहेत!

धीर सोडू नकोस. इकडे मीही सोडत नाही.

दीप्तीताई


१६ फेब्रुवारी

ती. बाबांस सविनय जयभीम.

हे पत्र तुम्हालाच. कुत्र्याचा फोटो पाहून साहेब हसले, पण चौकशी त्यांनी पुरी केली. माझ्यावर कधी गुन्हाच लावलेला नव्हता, असं त्यात निघालं. बाबा, मला सोडताहेत. महिनाअखेरीच्या विमानात जागा आहे. आता पोटभर जेवा.

एक मात्र सांगायला हवं. मला सोडताहेत ते हे जुने साहेबच, स्वतःच्या सहीनं. नव्या राष्ट्राध्यक्षांचा हुकूम अजून आलेलाच नाही. ज्यांची नावं वर गेली ती पोरं इथेच आहेत, त्यांची चौकशी करायला कोणाला कारणच मिळालं नाही. पारशिवनीचा रवींद्र काल माझ्याजवळ बसून विचारत होता, की नवा माणूस शब्द पाळेल ना. मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणू?

तुम्ही शपथविधी पाहिलात, हे वकीलबाईंकडून रवींद्रच्या आईला कळलंय. त्या प्रयागबाई पारशिवनीहून तुम्हाला भेटायला येणार आहेत. माणूस कसा वाटला, असं त्या विचारतील. चांगला वाटला म्हणून सांगा, बाबा. मी सुटलोय, हे मात्र त्यांना इतक्यात सांगू नका.

आपली माया आहेच, ती घ्यायला येतोय.

आपला धम्मानंद