शिडीवर बसायचं नाही

तीर्थस्वरूप मामांना साष्टांग नमस्कार. (उभ्यानेच केलाय, कारण पुढे कळेल.) तुमचा गुडघा कसा आहे? आमच्या घरात सगळ्यांचेच गुडघे गेलेत आणि त्याला जबाबदार तुम्ही आहात.

मिटली की बसायला, उघडली की चढायला, ही आपल्या कारखान्याची वस्तू तुम्हाला ठाऊकच आहे. केंद्राचं कर खातं म्हणालं, ही खुर्ची. म्हणजे फर्निचर, म्हणजे कर जास्त, तोही मागच्या सगळ्या वर्षांचा. तो भरला असता तर कारखान्याला कुलूपच लागलं असतं. ‘शिडी म्हण आणि लढ’ हे तुमचं सांगणं. (सांगून तुम्ही घरी गेलात, लढलो मी.) वकिलांनी पहिल्याच दिवशी बजावलं, निकालापर्यंत घरातल्या कुणीही त्यावर बसायचं नाही, खात्याचा माणूस कधीही टपकेल. आता आमच्याकडे बसायला दुसरं आहे काय? आपलाच माल वापरायचा म्हणून बाकीच्या खुर्च्या मीच मोठ्या तोऱ्यात काढून टाकल्या होत्या. जमिनीवर बसावं, तर तुमच्या भाचेसुनेला उठवायला दोन माणसं लागतात. तेव्हा इतकी वर्षं आम्ही ओट्याशी उभ्याने जेवलो. व्याही आले, त्यांना ‘या, चढा’ म्हणालो. दुसऱ्या पायरीवर उभं राहून चहा प्यायले आणि गेले, ते पुन्हा फिरकले नाहीत.

उच्च न्यायालयात दोन्ही वकिलांनी दळण दळलं. शेवटी न्यायमूर्ती वैतागून खाली आले, पुरावा म्हणून ठेवलेल्या आपल्या वस्तूवर स्वतः चढले, कपाटातल्या वरच्या फळीवरचं जाडजूड पुस्तक काढलं आणि म्हणाले, ही शिडीच. जिंकलो, मामा, कारखाना वाचला. घरी येऊन पाहतो तर ही दारातच शिडीवर बसलेली, पाय पसरून, डोळ्यांत पाणी. लग्नातही इतकी सुखी दिसली नव्हती. आणि दुसऱ्या दिवशी वकिलांचा फोन, खातं सर्वोच्च न्यायालयात जातंय, बसणं बंद. हिला सांगितलं तर म्हणते, “खटला तुमचा, गुडघे माझे.” तेव्हापासून उठायचं नाव नाही. चहाही मीच करतो.

तुमचा भाचा

ता. क. खरं काम राहिलंच. ती तुमच्याशिवाय कुणाचं ऐकत नाही. ‘ऊठ’ म्हणून तिला चार ओळी लिहा. पण आधी तुम्ही व्हरांड्यात ज्यावर बसून हे वाचताय, त्यावरून उठा.

आणखी एक. वरच्या कामाची घाई नाही. पत्र लांबलं, माझे पाय भरून आले आणि हिने दुसरी शिडी मिटून माझ्याकडे सरकवली. या ओळी बसून लिहितोय. वाचून झालं की पत्र फाडून टाका.