मेंढरांचा पत्ता कोण फोडतं?

१२ मे, सोमवार
पुन्हा तेच! म्हाळू मेंढरं घेऊन तेलगावच्या वळणावर पोचायच्या आत बंकटराव चहाची किटली घेऊन हजर. "म्हाळूभाऊ, आज आमच्याच रानात बसवा." आणि माझा भाऊ रात्रभर बसवतो! चारशे मेंढरांचं खत तिसऱ्यांदा त्या बड्या जमीनदाराच्या रानाला.
रतनबाईंच्या विहिरीवर आमची मेंढरं तीन उन्हाळे पाणी प्यायली. यंदा खत पहिलं त्यांच्या रानात — हा शब्द दिलाय. भावाने नाही, मी! पाऊस आला की कळप पुढे जाईल आणि माझा शब्द मातीत.
म्हाळू वाट रोज बदलतो. फक्त मला कळवतो. मग बंकटरावाला समजतं कसं?

१३ मे
फोन! दुसरं कोण?
म्हाळूचा फोन मागून घेतला, माझा त्याला दिला. बबिता अंबाजोगाईला कॉलेजात संगणक शिकवते, लहानपणापासूनची मैत्रीण. तिने सांगितलेलं ॲप टाकलं. फोन कुणाकुणाशी बोलतो, त्याची यादीच! लोकेशनचं सॉफ्टवेअर रोज पहाटे एका अनोळखी सर्व्हरला जोडलं जातं. नकाशा बंद असताना! कुणाच्या परवानगीने?
संध्याकाळच्या रोजच्या सभेत चराईच्या हक्कासोबत यावरही तोफ डागली.

१४ मे
माझ्या फोनवर आलेलं माझ्या सत्काराचं आमंत्रण म्हाळूने परस्पर फेटाळलं. "ताई न्हाई, मी हाय. मेंढरू पायजे का?"

१५ मे
दोन्ही फोनवर तो सर्व्हर अडवला. म्हाळूचा फोन त्याला परत.
फोनला स्वतःची जागा सापडायला दहा मिनिटं लागली. म्हाळूला गाठायला बंकटरावाला एकही नाही. आज भजीसुद्धा आणली होती!

१६ मे
यादी बबिताला पाठवली. ती पोट धरून हसली. "रोहिणे, तुझा हेर आभाळाचं वेळापत्रक आणतोय!" कोणता उपग्रह कधी कुठे असेल, त्याची छोटी फाइल. ती असली की जागा लवकर सापडते. "फोनचं मॉडेल वगैरे जातं. म्हाळू कुठंय, हे त्यात नाहीच, बाई."
मग हे फोनवाले मला विचारून का करत नाहीत?
"त्यावर खुशाल भाषण ठोक. पण फोनला सोड."

१८ मे
सरळ बंकटरावाच्या ओसरीवर गेले. पत्ता कोण देतं?
माणूस चक्क लाजला. "ताई, तुमीच की! तुमचं एक भाषण सोडत न्हाई मी. 'माझा भाऊ उद्या अमक्या ओढ्यानं कळप नेणार, हिंमत असेल तर अडवा!' लई काटा येतो बघा अंगावर."
घरी येऊन माझ्या भाषणांची वही चाळली. पानोपानी ओढ्यांची नावं!

१९ मे
काल संध्याकाळी आयुष्यात पहिल्यांदा माईकवरून खोटं बोलले, भलताच ओढा सांगितला. आज मेंढरं रतनबाईंच्या रानात बसलीत.
टाळ्या रोजच्यापेक्षा जास्त पडल्या.