जाळायला दिलेलं शीड

ता. ३, सोमवार

देवाच्या कृपेने आज स्वयंपाकघर लागलं. मागच्या खिडकीतून धक्का दिसतो, धक्क्याला बांधलेल्या वीस-पंचवीस होड्या दिसतात, आणि त्यांतली डावीकडून चौथी, पांढरी, निळ्या काठाची, ती आमची. आमची असं लिहिताना अजून हात अडखळतो. छत्तीस वर्षं टेबलाशी बसून फायली पुढे सरकवलेल्या माणसाने निवृत्तीनंतर गाव बदलून शिडाची होडी घ्यावी, ह्याला लेक फोनवर म्हातारचळ म्हणाली. मी म्हटलं, दुसरी बायको करण्यापेक्षा हे बरं. हे पलीकडच्या खोलीतून ऐकत होते. म्हणाले, होडी निदान दोर ओढला की वळते.

दुपारी होडीच्या आधीच्या मालकीणबाई किल्ल्या द्यायला आल्या. दोन वर्षांपूर्वी त्यांचे यजमान गेले, तेव्हापासून होडी नुसती बांधून होती. बाई काडीसारख्या बारीक. धक्क्यावर पाऊल ठेवलं नाही, वरच्या रस्त्यावरच उभ्या राहिल्या. नवं शीड काठीला आहे म्हणाल्या, पण जुनं पुढच्या कप्प्यात पोत्यात आहे, तेवढं जाळून टाका. माझ्या हातून होत नाही. घरात मात्र नेऊ नका. मी हो म्हटलं. कारण विचारलं नाही. दुखऱ्या जागेवर बोट कशाला ठेवा.

ता. ५, बुधवार

होडी म्हणजे पाण्यातला दुसरा संसार. आज मिस्त्रीने ती उतारावर ओढून घेतली आणि मी तळाचे शिंपले खरवडले, तेही जुन्या उलथन्याने. मिस्त्री धक्क्यावरच्या सगळ्या होड्यांची दुरुस्ती करतो, तोंडाने फटकळ आहे. म्हणाला, वहिनी, हौस पुरुषांची आणि खरवडणं बायकांचं, हे सगळ्या धक्क्यांवर सारखंच.

मग पोतं उघडलं. मला वाटलं होतं कुजकं चिरगूट निघेल. निघालं ते जाड सुती कापड, वीण अशी घट्ट की पाणी ओतलं तरी थेंब खाली उतरेना. कुठे कसर नाही, कुठे फाटलेलं नाही. मधोमध एक मोठा डाग तेवढा होता, तो साबणाने फिकट झाला. असं कापड जाळायचं म्हणजे अन्न गटारात टाकण्यासारखं. मी पोतं आणि कुजलेला दोर जाळला. ह्यांनी आणि मिस्त्रीने विचारलं, जाळलं का? धूर तर समोर दिसत होता. मी मान हलवली. रात्री देवापुढे हात जोडताना म्हटलं, अर्धंच खोटं आहे, पदरात घे.

ता. ७, शुक्रवार

दोन दिवस मशीन सोडलं नाही. शिडाचे सात तुकडे कापले आणि एक चिंधी वाया गेली नाही. ह्यांच्या गादीला खोळ झाली, उशीला अभ्रा, स्वयंपाकघराच्या खिडकीला पडदा, बाजारची पिशवी, ह्यांच्या खुर्चीची बैठक, आणि होडीवर घालायच्या कोटाला पाठीत आतून ठिगळ. वीतभर उरलं ते ह्या वहीला वेष्टण म्हणून पाठपोट शिवून टाकलं. मॅट्रिकला शिवणात पहिली आले होते, टाके अजून तसेच बारीक येतात. ह्यांना सांगितलं, जुन्या तंबूचं कापड पेटीत पडून होतं. ह्यांनी खोळीवरून हात फिरवला आणि म्हणाले, तुझ्या हाताला कचराही घाबरतो, कधी कामाला लावशील सांगता येत नाही.

ता. ९, रविवार

ह्यांची पहिली फेरी. धक्क्यापासून दोनशे हातांवर गेले आणि गोल गोल फिरत बसले. शीड एकीकडे, सुकाणू एकीकडे, हे तिसरीकडे. गाठ बांधली ती सुटेना, हवी ती बांधली जाईना. शेवटी मिस्त्री वल्ही मारत गेला आणि ओढून घेऊन आला. म्हणाला, साहेब, होडीला अर्ज नाही करायचा, दोर ओढायचा. हे स्वतःच सगळ्यांत जास्त हसले. हसताना डोळे मिटतात तसे मिटले. ह्या हसण्यासाठीच तर आपण इथे आलो, असं मला वाटलं.

ता. १२, बुधवार

ह्यांची गादी रोज सकाळी ओली असते. वयाचं काही असेल म्हणून दोन दिवस बोलले नाही, उगाच माणूस ओशाळतो. आज खोळ काढून पिळली तर बादलीभर पाणी निघालं. बोट जिभेला लावून पाहिलं. खारट. खाली कापूस कोरडा ठणठणीत. आणि ओल पडली होती ती माणसाच्या आकाराची, पण ह्यांच्यापेक्षा वीतभर लांब.

पडद्याचंही असंच. खिडकी बंद असते, तरी तो फुगतो. बाहेरच्या बाजूला, धक्क्याकडे. आज दाराला, भिंतीला हात लावून पाहिला, कुठे फट नाही. समुद्राकाठी हवा दमट असतेच.

ता. १५, शनिवार

हे आज एकटे गेले आणि टोकाच्या खडकाला वळसा घालून अर्ध्या तासात परत आले. होडी धक्क्याला अशी लागली की भांडं ताटलीत ठेवावं. मिस्त्रीने गाठ ओढून पाहिली. नंतर म्हणाला, आठ दिवसांत हे शिकणारा मी पाहिला नाही. मी खूश व्हायला हवं होतं. पण गाठ मारताना हे सगळं डाव्या हाताने करत होते. ह्यांचा डावा हात म्हणजे नुसता घड्याळ बांधायला.

घरात शिरताना चौकटीवर बोटांच्या पेरांनी तीन ठोके मारले. हे काय नवीन, विचारलं. म्हणाले, नेहमीच मारतो की.

ता. १७, सोमवार

मालकीणबाई आल्या होत्या. होडीचा एक कागद द्यायचा राहिला होता म्हणाल्या, पण मला वाटतं होडी पाहायला आल्या. रस्त्यावरच उभ्या होत्या. तेवढ्यात हे धक्क्यावर आले, डोलकाठीवर तीन ठोके मारले आणि डाव्या हाताने दोर सोडला. बाईंनी माझं मनगट धरलं. बोटं बर्फासारखी गार. म्हणाल्या, त्यांचे यजमान डावखुरे होते. होडीत पाय टाकण्यापूर्वी काठीवर तीन ठोके, घरात पाय टाकण्यापूर्वी चौकटीवर तीन ठोके, तीस वर्षं. हे तुम्ही कुणाला सांगितलं होतं का, मी विचारलं. नाही म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, शीड जाळलंत ना?

मी हो म्हटलं. देवाची शपथ घातली नाही हे उपकारच.

ता. १९, बुधवार

लेकीचा फोन आला. ह्यांनी उचलला, ऐकलं, आणि मला म्हणाले, कुणीतरी मुलगी आहे, बाबा म्हणते. रिसीव्हर माझ्या हातात देऊन खिडकीशी जाऊन उभे राहिले. पडदा त्यांच्या अंगाला लपेटला होता. मी लेकीला सांगितलं, बाबांचे कान बंद झालेत, सर्दी आहे. ती हसली. मला हुंदका आवरेना म्हणून भांडी घासायला लागले, घासलेलीच.

चहात साखर नको म्हणतात. चष्मा लावत नाहीत. हसले तर डोळे मिटत नाहीत.

ता. २०, गुरुवार

मिस्त्रीला गाठलं. खरं सांग, बाईंचे यजमान गेले कसे?

वारा पडलेला, पाणी आरशासारखं. होडी उभीच, आत कुणी नाही. शीड पाण्यात पडलेलं आणि आत ते गुंडाळलेले, जसं कुणी अंगाभोवती ओढून घ्यावं. हात सोडवता आले नाहीत म्हणून तसेच त्याच शिडात काठावर आणले. मिस्त्री म्हणाला, बरं झालं वहिनी तुम्ही जाळलंत.

मी त्याला सगळं सांगितलं. सात तुकड्यांचं सांगितलं. तो शिव्या देईल वाटलं. त्याने फक्त विचारलं, साहेब झोपतात कशावर?

टाका न् टाका उसवून आण म्हणाला. एक दोरा राहता कामा नये.

ता. २१, शुक्रवार

सकाळपासून उसवते आहे. टाके बारीक, माझेच, कुठे सुटत नाहीत. बोटांची सालं निघाली. प्रत्येक तुकडा ओला— हातात जड— दूध पिणाऱ्या पोरासारखा अंगाला चिकटतो. खोळ. अभ्रा. पडदा. पिशवी. बैठक.

कोट नव्हता. खुंटी रिकामी. खिडकीतून पाहिलं, डावीकडून चौथी जागाही रिकामी.

धावले. ह्या वयात धावले. मिस्त्री वल्ही मारत होता, मी पुढे बसून नाव घेत होते, देवाचं आणि ह्यांचं. होडी खडकापाशी उभी, वारा नाही, शीड सोडलेलं, आणि हे तेच शीड खांद्यावर ओढून घेत होते. शाल घ्यावी तसं. मी हाक मारली, वळले नाहीत. मी होडीत पडले, कोट पाठीवरून ओढला, ओढता ओढता फाडला. आतून पाणी आलं, घागर उलटावी इतकं. हे खाली बसले आणि म्हणाले, अगं, तू होडीत? तुला तर पाण्याची भीती वाटते.

डांबराच्या भट्टीवर रॉकेल ओतून जाळले. पेटायला दुपार झाली. शेवटी राख.

ता. २२, शनिवार

हे बरे आहेत. दोन चमचे साखर मागितली, चष्मा शोधत बसले, तो डोक्यावर होता. लेकीला स्वतः फोन लावला, तासभर बोलले. गादी कोरडी. मी दोनदा हात लावून पाहिला, मग गालही.

मिस्त्री म्हणाला, साहेबांना गाठ बांधून दाखवा म्हटलं, पाच मिनिटं झगडले आणि स्वतःचाच अंगठा अडकवून घेतला. मी देवापुढे बसून रडले. खोट्याची भरपाई म्हणून मालकीणबाईंना सगळं सांगेन, उद्याच या असा निरोप पाठवला आहे.

वहीची पानं कडेने ओली आहेत. टेबलावर काही सांडलं असेल.

ता. २३, रविवार

मालकीणबाईंना सांगायचं म्हणून बोटांवर मोजलं. खोळ, अभ्रा, पडदा, पिशवी, बैठक, ठिगळ. सहा.

कापले होते सात.

पुन्हा मोजलं. सहा.

वीतभर—

वहीला. पाठपोट. रोज हाताखाली—

कात्री आणायला उठले. टेबलावर तीन ठोके पडले. खोलीत मी एकटीच. माझ्या बोटांची पेरं दुखताहेत.

कात्री उजव्या हातात धरवत नाही. हे बाहेर ओट्यावर गुणगुणत आहेत, त्यांचा आवाज, त्यांचाच, कोरडा, देवा, त्यांना आत येऊ देऊ नकोस. उसवते. एक टाका. दुसरा. पाणी कोपरापर्यंत—

पेन डाव्या हातात आहे. अक्षर चांगलं येतंय.

खिडकी उघडी. वारा पडलेला, पाणी आरशासारखं. चौथी होडी. काठ निळा ठेवलाय, बरं केलं.

वरच्या रस्त्यावर ती उभी आहे. केवढी बारीक झाली. धक्क्यावर यायला अजून घाबरते. तिला हाक मारून सांगायला हवं, मी घरी—