वेलांपुरती राख

माघ वद्य सप्तमी, दिवेलागण

खरबुजाच्या रोपांवर तांबडे भुंगे बसलेत. पानांची चाळण झाली. सोलापूरच्या पेठेत विषारी पूड मिळते म्हणतात, पण वेलांत शेळ्या शिरतात. नकोच. पहाटेच्या दवात फडक्यातून राख झटकली की पानाला धरून बसते.

पण राख कुठली? ही होती तेव्हा घर भरलेलं, राख उकिरड्यावर जायची. पोरं गिरणीत गेली, ही तर वरच गेली. एकट्याच्या दोन भाकऱ्यांत राख निघते ती ओंजळभर.

शेजारच्या गंगूकडे मागितली. म्हणाली, "आबा, लोक ताक मागत्यात, तुमी राख? तुमची चूल उपाशी हाय व्हय?" हसलो. तिनं आपली पाटी भरून दिली. पण उपाशी हा शब्द घरापर्यंत टोचत आला.

रोज कसं मागायचं? संध्याकाळी चूल मोठी पेटवली. जळण नुसतं कशाला जाळा, म्हणून दुरडीभर भाकऱ्या थापल्या, वाकड्यातिकड्या. उद्याची राख झाली. भाकऱ्या खाणार कोण?

ही म्हणायची, कुणाचं भांडं रिकामं परत देऊ नये. गंगूची पाटी धुऊन ठेवलीय. सकाळी भाकऱ्या घालून नेतो. तेवढंच माझ्या चुलीचं कुणाच्या तरी तोंडी लागेल.